पडद्यावर उमटणारी दाद

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मंडपात वीणा, टाळ, मृदंग आणि भोंग्यांबरोबर हल्ली एक तिपाईही उभी राहते. तिच्यावर कॅमेरा, नाहीतर नुसता मोबाईल. महाराजांनी अभंगाचे चरण घेतले की यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू होते आणि बघणाऱ्याच्या हातातल्या पडद्यावर एकेक ओळ वर सरकू लागते. मोबाईल उभा धरून केलेले लाइव्ह असेल तर ओळी थेट चित्रावरच येतात; आडव्या चित्रात त्या खाली किंवा बाजूला धावतात. ‘राम कृष्ण हरी’, ‘जय हरी माऊली’, जोडलेल्या हातांच्या खुणा आणि त्यांच्या शेजारी गावांची नावे: अहमदपूर, मुखेड, देगलूर, भोसरी, वाशी. महाराजांना यातले काहीच दिसत नाही. या ओळी वाचतात ते एकमेकांना कधीही न भेटलेले, पण त्या घटकेला एकच अभंग ऐकत असलेले श्रोते.

व्हिडिओवर तरंगणाऱ्या प्रेक्षकांच्या या शब्दांबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते बहुतेक ट्रोलिंगच्या निमित्ताने. ते लिहायलाच हवे, पुढे मीही लिहिणार आहे. पण नांदेड-लातूरकडचे लाइव्ह सलग बघत गेले की दुसरेच काहीतरी ठळक होत जाते. आपल्याकडे प्रेक्षकाचा आवाज हा खेळाचाच भाग होता. हातातल्या पडद्याने तो काही वर्षे बंद केला आणि थेट प्रक्षेपणाने अर्धा परत दिला. उरलेला अर्धा का आला नाही, तो आणता येईल का, हे मला या आढाव्यात तपासायचे आहे.

पाहणे हे आपल्याकडे मुक्याने करायचे काम कधीच नव्हते. तमाशाच्या फडात सोंगाड्या बतावणीत प्रश्न टाकतो तेव्हा उत्तर बऱ्याचदा समोरच्या गर्दीतून येते आणि ते उत्तर पकडून पुढचा विनोद उभा राहतो. लावणीला वन्समोर मिळाला तरच ती पुन्हा होते. दौलतजादा म्हणजे नुसते पैसे नव्हेत; कोणी दिले, कोणत्या गावच्या माणसाने दिले, हे सगळ्यांसमोर पुकारले जाते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात जो लावणी महोत्सव भरतो, तिथे प्रेक्षकांचा गलका काढून टाका आणि काय उरते ते पाहा. कीर्तनातही तेच. महाराज चरण सोडतात, टाळकरी उचलतात, ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर मंडपभर होतो आणि त्या गजराच्या जोरावरच निरूपण पुढे सरकते. पैठणच्या एकनाथांचे भारूड तर प्रश्नोत्तरांवरच चालते.

आणि मुशायरा. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेड आणि उदगीर या शहरांत उर्दूचा तो वारसा अजून जिवंत आहे. मुशायऱ्यातली दाद हे एक शास्त्र आहे. शायर पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलून धरतात, तो ती पुन्हा म्हणतो, उत्सुकता ताणली जाते, मग दुसरी ओळ पडते आणि ‘वाह’ उठते. ‘मुकर्रर’ म्हटले की शेर पुन्हा. भीमगीतांच्या कव्वालीच्या मुकाबल्यातही एका पार्टीचा सवाल आणि दुसरीचा जवाब यांच्यामध्ये श्रोते असतात आणि कोण जिंकले हे तेच ठरवतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: दाद वेळेवर पडावी लागते. शेर संपल्यावर अर्ध्या मिनिटाने आलेली ‘वाह’ कोणाच्याच कामाची नसते. दाद हा मजकूर कमी आणि ठेका जास्त असतो. हा मुद्दा पुढे सगळीकडे लागणार आहे.

सिनेमाही आपण असाच पाहिला. यात्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत शिट्ट्या आणि ओरडा हे चित्रपटाचेच दुसरे ध्वनिमुद्रण असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला, तोवर तंबू उठू लागले होते. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा गल्लीत ज्यांच्या घरी टीव्ही असे त्यांच्या ओसरीवर सगळी आळी जमे. आणि २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा ‘झिंगाट’ सुरू होताच लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचू लागले.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली. डेटा स्वस्त झाला आणि पाहण्याचा मुक्काम ओसरीवरून हातात आला. लातूरच्या वसतिगृहातली खाट, पुण्याला जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स, चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी, रखवालदाराची केबिन: प्रत्येकाच्या कानात आपापले इअरफोन. एकाच चाळीतली चार माणसे एकच लावणी चार वेगवेगळ्या वेळी एकेकटी बघू लागली. याची खंत फारशी कोणी केली नाही, कारण मिळाले ते खूप होते. पण गेले तेही लहान नव्हते. हसायला शेजारी माणूस उरला नाही.

जपानमध्ये या एकटेपणावर फार लवकर एक तोड निघाली होती. १२ डिसेंबर २००६ ला तिथे निकोनिको नावाची सेवा सुरू झाली. सुरुवातीला तिच्याकडे स्वतःचे व्हिडिओही नव्हते. यूट्यूबवरचेच व्हिडिओ दाखवून त्यांच्यावर ती प्रेक्षकांच्या ओळी पसरत असे. २००७ च्या फेब्रुवारीत यूट्यूबने तिची वाट बंद केली, मग तिने स्वतःची साठवण उभारली. कल्पना साधी होती. व्हिडिओच्या दुसऱ्या मिनिटाच्या दहाव्या सेकंदाला तुम्ही काही लिहिले तर ते त्या सेकंदालाच चिकटते. नंतर कोणीही, उद्या किंवा चार वर्षांनी, तो व्हिडिओ लावला की नेमक्या त्या सेकंदाला तुमची ओळ उजवीकडून डावीकडे चित्रावरून सरकत जाते. त्याने तिथे आपली ओळ घातली की पुढच्याला दोन्ही दिसतात. विनोदाच्या जागी हशाचा पूर येतो, गाण्याच्या उंच सुराला ओळींनी चित्र झाकून जाते. सातोशी हामानो या जपानी अभ्यासकाने २००८ साली याला आभासी एककालिकता म्हटले: माणसे वेगवेगळ्या वेळी बघतात, पण बघताना सगळे आता, इथे, सोबत आहेत असे वाटते.

चीनमध्ये २००७ ला सुरू झालेल्या एसीफनने आणि २००९ ला सुरू झालेल्या बिलिबिलीने हीच रीत उचलली. आज बिलिबिली तिथल्या तरुण पिढीचे मोठे व्यासपीठ आहे. २०१४ मध्ये चीनमधल्या काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी मोबाईलवरून पाठवलेले संदेश चालू सिनेमाबरोबर पडद्यावर दाखवण्याचेही प्रयोग झाले. सिनेमागृहात ते टिकले नाहीत. जिथे शेजारी माणूस बसलेला आहे तिथे या ओळींची गरजच काय? मला या प्रयोगाचे अपयश फार बोलके वाटते. या ओळींना किंमत येते ती माणूस एकटा असतो तिथे.

आपल्या वाट्याला मात्र ही रीत आली नाही. आपल्याला मिळाले अमेरिकी कंपन्यांचे लाइव्ह. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुक लाइव्ह सर्वांसाठी खुले झाले, त्याच वर्षाअखेरीस इन्स्टाग्रामवर लाइव्ह आले, २०१७ मध्ये यूट्यूबने पैसे देऊन आपली ओळ वर ठळक ठेवण्याची सुपर चॅटची सोय आणली. दौलतजादा माहीत असलेल्या माणसाला सुपर चॅट समजावून सांगावे लागत नाही. या सगळ्यांत ओळी धावतात त्या घड्याळाच्या ‘आत्ता’बरोबर. लाइव्ह संपल्यावर यूट्यूबवर चॅट पुन्हा चालवून बघता येते, पण त्यात नव्याने कोणी काही घालू शकत नाही. उशिरा आलेला तिथे फक्त वाचक असतो. आणि ‘आत्ता’सुद्धा पुरता आत्ता नसतो. मंडपातला क्षण साध्या प्रक्षेपणात मोबाईलवर पोचायला पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात; खेड्यातल्या नेटवर्कवर तर विचारायलाच नको. श्रोत्याने ‘वाह’ लिहून पाठवेपर्यंत मंडप पुढच्या शेरावर गेलेला असतो. ठेका चुकतो. परत न आलेला अर्धा म्हणतो तो हाच.

तरीही लोकांनी या अर्ध्यातून बरेच काही उभे केले आहे. ते नीट समजायचे तर मला एकच प्रश्न उपयोगी वाटतो: ही ओळ वाचतो कोण? पलीकडचा कलाकार, सोबतचे प्रेक्षक, की नंतर येणारा कोणी?

कीर्तनाच्या लाइव्हमध्ये वाचणारे फक्त सोबतचे श्रोते. म्हणूनच तिथे लोक मजकूर कमी आणि हजेरी जास्त लिहितात. नाव, गाव, ‘बघायलोत’. २०२० ची आषाढी आठवा. पायी वारी झाली नाही, पालख्या ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी दर्शन घेतले ते पडद्यावर. वारीत दिंडीतले आपले स्थान म्हणजे आपली ओळख असते. ते नसताना आपण आहोत हे सांगायची जागा या सरकत्या ओळीच होत्या. त्याच वर्षी टाळेबंदीत पंजाबचे हजारो भाविक नांदेडला अडकून पडले होते आणि इकडे यायचे ठरवलेले असंख्य लोक घरीच राहिले होते. तख्त सचखंड हजूर साहिबच्या आरतीच्या आणि कीर्तनाच्या व्हिडिओंवर जगभरचे शीख ‘वाहेगुरू’ लिहितात. नांदेड हे या बाबतीत आपल्याकडचे वेगळे शहर: इथले बघणारे बाहेरचे पाहतातच, पण बाहेरचे अगणित डोळेही इथे लागलेले असतात.

लग्नाच्या लाइव्हमध्ये मात्र सगळे वाचतात, आणि सगळे एकमेकांना ओळखतात. माझ्या मते या भागातला हा सर्वांत समृद्ध प्रकार आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. करोनाच्या काळात माणसांच्या संख्येवर बंधन आले तेव्हा तालुक्याच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी यूट्यूबची लिंक द्यायला सुरुवात केली. बंधने गेली, लिंक राहिली. पत्रिकेवर आता ती छापली जाते. कारण करोना गेला तरी स्थलांतर गेलेले नाही. कंधार-मुखेडची माणसे हैदराबादला आणि निजामाबादला आहेत, निलंगा-औशाची पुण्याला, ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर. सुट्टी नाही, उचल घेतलेली आहे, तिकिटाला पैसे नाहीत. अशा माणसाची ओळ मंगलाष्टके चालू असताना नवरा-नवरीच्या चित्रावरून सरकते: मामाकडून शुभाशीर्वाद, आत्याकडून अनेक आशीर्वाद, ‘यायला जमलं नाही, माफी असावी’ अशा अर्थाचे काहीतरी. फुलांच्या आणि अक्षतांच्या खुणा येतात त्या ‘सावधान’ होऊन वाजंत्री सुरू झाल्यावर, पण येतात.

या ओळींत दोन गोष्टी विशेष दिसतात. एक, लोक खाते कोणाचेही असो, शेवटी स्वतःचे नाव लिहितात. मोबाईल मुलाचा, खाते मुलाच्या नावाचे, पण ओळीच्या शेवटी आई सही करते: अमक्याची मावशी, उदगीर. ज्या बायकांच्या हाती स्वतःचा मोबाईल नाही त्यांचा आवाज इंटरनेटवर उमटण्याची ही एक जागा आहे. दुसरे, आहेर पुकारण्याची आपली रीत इथे जशीच्या तशी उतरली आहे. कोणी पाठवले, किती पाठवले हे ध्वनिक्षेपकावर सांगतात तसे काही ठिकाणी निवेदक मोबाईल हातात घेऊन लाइव्हवरची नावेही वाचतात. परभणी आकाशवाणीवर फर्माईश लागायची तेव्हा आपले आणि आपल्या गावाचे नाव ऐकायला माणसे रेडिओला कान लावून बसत. त्या सुखाची जात हीच.

वर्षाअखेरीस चांद्रयानाच्या किंवा क्रिकेटच्या लाइव्हवरची गर्दी मोजणाऱ्यांना लग्नाची ही लाइव्ह दिसतच नाहीत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले तेव्हा इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. तिथल्या ओळी इतक्या वेगाने जात होत्या की कोणालाच कोणाचे काही वाचता येणे शक्य नव्हते. तो जल्लोष होता, आणि जल्लोष म्हणून अपूर्व होता. पण एका लग्नाच्या लाइव्हवरची मोजकी माणसे एकमेकांचा शब्दन् शब्द वाचतात. आकडा वाढला की बोलण्याचा गलका होतो, हे फडातल्या सोंगाड्यालाही ठाऊक असते. आयपीएलच्या मराठी समालोचनाबरोबर धावणाऱ्या ओळींबद्दल म्हणूनच मला फार सांगण्यासारखे वाटत नाही.

शेतीतले उदाहरण वेगळ्या वाटेने जाते. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे पावसाच्या अंदाजाचे व्हिडिओ मराठवाडाभर पाहिले जातात. अंदाज किती शास्त्रीय यावर वाद आहेत आणि ते व्हावेत. हवामान खात्याचा शब्द अंतिम धरावा असे माझे मत आहे. पण खालच्या ओळींकडे पाहा. शेतकरी तिथे आपले गाव लिहितात, पेरणी झाली की राहिली ते लिहितात, आपल्या शिवारात पडला की नाही ते लिहितात. सरकारी पाऊस मोजला जातो महसूल मंडळात; २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. एका मंडळात अनेक गावे येतात आणि ढग काही मंडळाच्या हद्दी पाळत नाही. एका शिवारात ओढ्याला पूर आणि बांधापलीकडे फुफाटा, असे जून-जुलैत नेहमी होते. हे शेतकरी मिलिमीटर सांगत नाहीत, पण कोणत्या शिवारात पाणी आले आणि कोणत्यात नाही हे सांगतात. त्या व्हिडिओचा खरा ऐवज कित्येकदा बोलणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्यांकडे असतो. सोयाबीन आणि तुरीच्या भावाचे रोजचे व्हिडिओही तसेच. लातूरच्या आडत बाजारातला भाव सांगितला जातो आणि खाली लोक लिहितात की आमच्याकडे मोंढ्यात एवढ्यालाच मागतात. व्यापाऱ्याने गावात सांगितलेला भाव पडताळायला एक जागा झाली.

आपत्तीत तर ओळींचा सूरच बदलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातली लेंडी धरणाच्या परिसरातली गावे पाण्यात गेली. अशा वेळी बातमीच्या लाइव्हवर दूरचे नातेवाईक गावाचे नाव लिहून विचारत राहतात, आणि कधी कधी त्याच प्रवाहात कोणीतरी उत्तर देते. वाहिनीच्या निवेदकाला ते दिसतही नसते.

लातूरच्या शिकवणी वर्गांत मात्र पलीकडचा माणूस वाचतो, नव्हे, त्याला वाचावेच लागते. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी घडवलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला शिक्षणाची बाजारपेठ केले. मार्च २०२० नंतर ते वर्ग पडद्यावर गेले. ‘सर, आवाज येत नाही’, ‘फळा दिसत नाही’, ‘परत एकदा’. भरगच्च वर्गात, शहरी मुलांसमोर हात वर करायला बुजणारी वाडी-तांड्यावरची लेकरे इथे लिहून विचारतात, हा फायदा मला फार मोठा वाटतो. पण हाच वर्ग पुढच्या वर्षी रिपीटर मुले ध्वनिचित्रफीत म्हणून पाहतात तेव्हा मागच्या बॅचला नेमके कुठे अडले होते हे त्यांना पडद्यावर कळत नाही. शंका त्या त्या समीकरणाला चिकटून राहिली असती तर पुढच्या प्रत्येक मुलाला सोबत मिळाली असती. निकोनिकोची रीत इथे करमणुकीपेक्षा जास्त उपयोगाची ठरेल.

शंकरपटाच्या लाइव्हची गोष्ट लहानशी आहे. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींचा महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला आणि बैलजोड्यांचे लाइव्ह वाढले. निकाल सेकंदांचा, म्हणून ओळींत वाद फार आणि ‘पुन्हा दाखवा’चा धोशा. कुस्तीचे उलट आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिलेल्या लातूर जिल्ह्यात लाइव्हवर लिहिणारे जाणकार असतात. डाव लागण्याआधीच पट पडणार, ढाक लागणार असे लिहितात, आणि नवख्याचे डोळे त्या ओळींनी तयार होतात.

आता कटू भाग. ज्या पडद्यावर ‘जय हरी’ येते त्याच पडद्यावर जात येते. २०२३ च्या सप्टेंबरपासून जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतले मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण आणि नंतर वडीगोद्री येथले ओबीसींचे उपोषण यांचे लाइव्ह मराठवाड्याने तासन्‌तास पाहिले. दोन्हीकडच्या लोकांच्या ओळी बहुतांशी आपापल्या घोषणांच्या होत्या, आणि घोषणा हा लोकशाहीतला हक्क आहे. पण हळूहळू एकमेकांच्या लाइव्हवर जाऊन लिहिणे सुरू झाले, आणि मग आडनाव बघून उत्तर देणे. गावात समोरासमोर जे कोणी उच्चारणार नाही ते सरकत्या ओळीत सहज लिहिले जाते, कारण ती क्षणात वर निघून जाते असे लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिची छबी दुसऱ्या मिनिटाला गटागटांतून फिरते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या लाइव्हवर ‘जय भीम’च्या शेकडो ओळींमध्ये एक विखारी ओळ टाकून पळणारेही असतात. आणि लावणी करणाऱ्या कलावंतिणींच्या व्हिडिओंवर जे लिहिले जाते ते इथे सांगण्याजोगे नाही. फडात शिट्टी मारणाऱ्याचा चेहरा दिसे. मर्यादा ओलांडली की फडमालक, गावचे चार लोक, कधी स्वतः नाचणारी बाई त्याला तिथल्या तिथे गप्प करी. तो दिसण्याचा धाक इथे उरत नाही.

यूट्यूबवर वाहिनीचालकाला नको असलेल्या शब्दांची यादी लावता येते, पण मराठी लोक एकच शिवी देवनागरीत, रोमन अक्षरांत, मधे ठिपके देऊन अशी कितीतरी प्रकारे लिहितात. यादी पुरत नाही. मग चालक थकून कमेंटच बंद करतो आणि त्याबरोबर मावशीची ओळही जाते. बिलिबिलीने निराळी वाट घेतली: पूर्ण सदस्य होऊन चित्रावर ओळ लिहायची तर १०० प्रश्नांची चाचणी द्यावी लागे आणि ६० गुण मिळवावे लागत, त्यात वागण्याच्या शिस्तीचे प्रश्नही असत. निकोनिकोवर प्रेक्षक स्वतःपुरते शब्द किंवा लिहिणारे लपवू शकतो, सगळ्या ओळी एका खटक्यात बंदही करू शकतो. यातली चाचणी मला आपल्यासाठी नको वाटते. ती लावली तर सर्वांत आधी गळतील त्या दुसऱ्याच्या खात्यावरून सही करणाऱ्या बायका. त्यापेक्षा गावच्या प्रत्येक लाइव्हला गावचा एक माणूस बसवावा, तिपाईपाशी, ओळी वाचणारा, काढणारा, उत्तर देणारा. चोपदार हे पद आपल्याकडे आहेच. सप्ताहाच्या मंडळांनी हे काम चोपदाराइतके मानाचे ठरवले तर बाकीचे आपोआप सुधारेल.

ठेक्याचा प्रश्न राहतो. इथे लोकांनी स्वतःच एक जुगाड केला आहे. कीर्तनाच्या, कव्वालीच्या जुन्या व्हिडिओंखाली लोक वेळ लिहितात: ३४:१० ला ऐका, ५२:४० चा दृष्टांत. यूट्यूब त्या आकड्यांची लिंक करते. बोट लावले की नेमक्या जागी पोचता येते. वर कोणी सांगितले नाही, शिकवले नाही. दादेला जागा हवी म्हणून माणसांनी ती आकड्यांत शोधली. साउंडक्लाउडवर गाण्याच्या लहरीवर त्या त्या सेकंदाला टिप्पणी चिकटवण्याची सोय वर्षानुवर्षे आहे. म्हणजे तंत्र अवघड नाही. मराठीत कोणी तशी सोय बांधलेली नाही एवढेच. एखाद्या जुन्या मुशायऱ्याची ध्वनिफीत घ्या, त्यावर उदगीरच्या एखाद्या जाणत्या श्रोत्याने शेराशेराला दाद लिहिलेली असावी, आणि वीस वर्षांच्या मुलाने ती ऐकताना दाद कुठे पडते हे त्याला दिसावे. दाद द्यायला शिकणे हा मुशायऱ्याचा, कीर्तनाचा अर्धा अभ्यास आहे, आणि तो पुस्तकातून होत नाही.

हे लवकर व्हायला हवे, कारण आज जे लिहिले जाते ते टिकत नाही. दोन तासांचे कीर्तन कापून त्याचे पन्नास तुकडे होतात, प्रत्येक तुकडा नव्याने चढवला जातो आणि मूळ ओळी मागे राहतात. स्टुडिओवाला जागा अपुरी पडली किंवा वाहिनी बदलली की लग्नाचा व्हिडिओ काढून टाकतो. त्याबरोबर साऱ्या गोतावळ्याचे आशीर्वाद जातात. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली तेव्हा मराठवाड्यातल्या पोरापोरींनी तिथे केलेले आणि त्यावर लिहिलेले सगळे आपल्यासाठी नाहीसे झाले. मराठवाडी बोलीत, ‘बघायलोत’, ‘करायलाव’ अशा रूपांत, सामान्य माणसांनी स्वतःहून एवढे लेखन याआधी कधी केले होते? बोलीचा अभ्यास करणाऱ्यांना याहून जिवंत सामग्री मिळणार नाही.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे लातूरचे उपकेंद्र यांनी हे काम हाती घ्यावे. मराठी आणि माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दर सप्ताहाच्या, यात्रेच्या, परवानगी असेल तिथे लग्नाच्या लाइव्हमधल्या ओळी वेळेसकट उतरवून घ्यायला लावाव्यात, नावे गाळून गावे ठेवावीत. खर्च जवळजवळ नाही. लागते ते एका मार्गशीर्षापासून पुढच्या मार्गशीर्षापर्यंत चिकाटीने बसणे. सुरुवात माळेगावपासून करता येईल.